चालू हाय का?

खोक्यातून काढला तेव्हा अझहर म्हणाला, ताई, एवढाच?
पुठ्ठ्यात हात घालून त्यानं चाचपलं, अजून काही राहिलंय का.
एक वायर निघाली, चार स्क्रू,
आणि खाऊ नका म्हणून सगळ्या भाषांत लिहिलेली ती पुडी.

मापानं म्हणाल तर पानाचा डबा.
परभणीहून एस.टी.च्या पार्सलनं गंगाखेडला आला
आणि तहसीलसमोर, माझ्या टेबलावर,
स्टॅम्पपॅडच्या शेजारी बसला
पाहुण्याच्या पोरासारखा, कशाला हात न लावता.

बारा वर्षं इथं टॉवर होता.
गुडघ्याला लागून उभा. मे महिन्यात नको व्हायचा,
जानेवारीत मात्र मी चप्पल काढून पाय टेकवायची.
त्याच्या जागी आता फरशीचा चौकोन, मूळ रंगाचा,
पालीच्या अंड्याचं टरफल,
आणि पाच रुपयांचं ते कोर्ट फी तिकीट
ज्याच्यापायी मी अझहरशी दोन दिवस बोलले नव्हते.

जुन्या मॉनिटरची निळी पिन कुठंच बसेना.
कन्व्हर्टरसाठी अझहर मोंढ्यात जाऊन आला.
साडेअकराला लाईट गेली, इन्व्हर्टरवर घेतलं.
नमस्कार, असं उमटलं.
मग विचारायला लागला नायब तहसीलदारासारखा:
देश कोणता, भाषा कोणती,
यंत्र स्वतःसाठी की संस्थेसाठी.
वीस वर्षं मी लोकांना विचारत आले,
नाव, वय, धंदा, राहणार.
मला असं ओळीनं कुणी विचारलं नव्हतं.
लिहिलं, कालिंदी.
आडनावाच्या चौकटीत थांबले.
दोन्हीतलं कुठलं, ठरेना.
नंतर भरा, असंही एक बटण होतं.

जुन्या फॉन्टातलं खरेदीखत उघडलं
तर चतुःसीमेच्या जागी कंस, टिंबं, डॉलर.
पूर्वेस ओढा, पश्चिमेस कुणाची तरी विहीर,
सगळं मुंग्यांनी वाहून नेलेलं.
ते बघू सावकाश.

पण आवाजच नाही.
कान लावला. हात लावला तर कोमट,
नुकतंच उठून गेलेल्याच्या उशीसारखा.
बाकावरून लिंबाजीमामा दर पाच मिनिटांनी,
चालू हाय का?
चालू हाय, मामा.
मग वाजंना कामून?
जुना घरघरला की त्यांना वाटायचं
काम होऊ लागलं, पन्नास रुपये वसूल.

दुपारी अयोध्या आली नदीपलीकडून,
मांडीवर दीड वर्षाचं लेकरू.
प्रतिज्ञापत्र पाहिजे होतं. म्हटलं, सांग.
ती बाकाकडं बघायली.
बाकावर पाच जण, पाचही गप्प.
'मी खाली सही करणार' इथवर मीच टाइप केलं,
ते सगळ्यांचं सारखंच असतं.
पुढचं तिचं होतं.
ते ओठापर्यंत आलं आणि परत गेलं.

तेव्हा कुठं माझ्या ध्यानात आलं.
बारा वर्षं त्या घरघरीच्या आडोशाला बायका बोलत होत्या.
कशानं मारलं, सासरा काय म्हणाला,
कोणत्या तारखेपासून वेगळं निजणं,
माझ्या कानाशी वाकून वाकून,
आणि बाकावर जायचा नुसता पंखा.
मला वाटायचं, पंख्यात धूळ बसलीय.
दोनदा साफ करून घेतला होता मी तो.

अझहर, जुना आण.
ताई, भंगारवाला सहाशे द्यायलाय.
आण म्हटलं ना.

ना मॉनिटर, ना कीबोर्ड, नुसती वायर लावली.
पडदा नाही म्हणून तीनदा किंचाळला,
खाकरला, मग धरला त्यानं त्याचा सूर.
लिंबाजीमामा सावरून बसले,
आता कसं, आता झालं चालू!

अयोध्यानं खुर्ची ओढली. पदर तोंडाशी.
नव्या डब्याला घाई फार,
ती बोलायच्या आधीच कर्सर पुढं येऊन उभा,
लुकलुक, लुकलुक.

हळू, मी म्हटलं त्याला.
किंवा तिला.