शुल्क: एक रुपया

कुंकळ्ळीच्या बाजारात माझं झेरॉक्सचं दुकान.
आधार, पॅन, पासपोर्टचे फोटो,
पोर्तुगीज जन्मदाखल्यांच्या प्रती, लॅमिनेशन.

आव्हेलिनोबाब आला तो ट्रम्पेट काखेत धरून,
विकायला कोंबडी आणावी तसा.
म्हणाला, पुतणी सांगते, आता लोक बँड फोनवर शोधतात,
ख्रिस्ती बँडांची वेगळी साइट आहे म्हणे.
घाल आम्हाला तिच्यात.

नाव: सांता सेसिलिया ब्रास. सदस्य: सात.
फोटोत मात्र नऊ. कुठल्याशा जुन्या फेस्ताचा,
पांढरे शर्ट, कडेला क्लॅरिनेट घेऊन तिबुर्सियो,
ज्याला जाऊन आता अकरा वर्षं झाली.
कापू का याला? साइटला आडवा फोटो लागतो,
कडा तशाही जातात.
तो चष्मा कपाळावर चढवून बघत राहिला.
असू दे, म्हणाला. नीट उभा राहिलाय.

प्रकार निवडा: रॉक, गॉस्पेल, वर्शिप, अकूस्टिक.
लग्न, लदिन, खुर्साचं फेस्त, मयत
यातलं काहीच कुठल्या खान्यात बसेना.
मी 'इतर'वर टिचकी मारली.
इतर, तो पुटपुटला,
आणि खुर्चीत जरा मागे सरकला.

तुमची साक्ष, दोन वाक्यांत.
देवाने तुमच्या संगीतातून काय केलं?
बराच वेळ नुसता पंखा फिरला.
लिही, म्हणाला, आम्ही वेळेवर येतो.
आणि दुसरं वाक्य?
जेवण नाही दिलं तरी.

नमुन्याचा व्हिडिओ दुकानामागच्या गल्लीत काढला.
मधेच मासळीवाला भोंगा वाजवत स्कूटरवरून गेला.
पुन्हा काढूया? मी विचारलं.
कशाला, सुरात होता तो.

लग्न अठरा हजार.
फेस्त बारा, वर येण्याजाण्याची गाडी.
मयत?
मयताचे आम्ही घेत नाही.
मी शून्य लिहिलं. लाल अक्षरं उमटली:
शुल्क शून्य असू शकत नाही.
पुन्हा शून्य, पुन्हा लाल.
शेवटी दोघांनी विचार करून एक टाकला.
तो मशीनने मुकाट्याने घेतला.

पहिला निरोप कळंगुटच्या हॉटेलातून.
स्वस्तातलं आधी दाखवा म्हटलं
की सगळ्यांच्या वर आम्हीच.
चोवीस डिसेंबर, पूलच्या काठावर, सांताच्या टोप्या घालून
एक रुपयात चार तास,
आणि थोडं कमी होईल का?
आव्हेलिनोबाब इतका हसला की कवळी सांभाळावी लागली.
त्या रात्री मिसा आहे, मी कळवलं.

मग फेब्रुवारीत, रात्री अडीचला,
स्विंडनहून एक बुकिंग.
नाव रेजिनाल्ड. घर इथलंच, चर्चमागच्या वाड्यावर.
प्रसंग: मयत. पाहुणे किती: माहीत नाही.
खास सूचना: पपांना जुना मार्च आवडायचा. संथ वाजवा.
मला रजा नाही. फोन कोणीतरी धरा.
रुपया कार्डावरून भरलेला,
त्यातले बारा पैसे साइटने कापून घेतले.
उरलेले अठ्ठ्याऐंशी आव्हेलिनोबाबने
वहीत मांडले, तारीख घालून.

सातही जण गेले. फोन बेंविंदाने धरला, त्याच पुतणीने.
सिमितेरीच्या फाटकापर्यंत नेटवर्क होतं.
आत पाऊल पडलं आणि चित्र थांबलं:
ट्रॉम्बोनची दांडी पुढे गेलेली,
ती तशीच पुढे राहिली
स्विंडनमधल्या कुठल्याशा गोदामाच्या जेवणघरात.

आठवड्याने अभिप्राय आला. पाचपैकी तीन तारे.
शेवटचं ऐकू आलं नाही, एवढंच खाली.
मी चिडलो. म्हटलं, तक्रार करूया,
नेटवर्कचा दोष बँडवर कशाला?
पुरो रे, तो म्हणाला,
तीन राजांना एकच पुरला होता.

मग ट्रम्पेटचं तोंड शर्टाला पुसत
कॅलेंडर उघडायला लावलं.
कारेझ्माचे चाळीस दिवस बंद करून टाक.
लग्न नको, फेस्त नको.
ते एक रुपयावालं
तेवढं चालू ठेव.