मशीनवर

तीस वर्षं कुणी दारात आलं
की पोरं सांगायची, आई मशीनवर आहे.
आताही तेच सांगतात.
सोमवार, गुरुवार, सकाळी सात ते अकरा,
रास्ता पेठ, दुसरा मजला, बेड नंबर चार.

त्या मशीनला एक सुई होती.
हिला दोन, दोन्ही माझ्या डाव्या हातात.
लाल दोरा बाहेर जातो, लालच परत येतो.

एक दिवस रेबेका साळवे नावाची मुलगी आली, फिजिओ.
पलंगाच्या पायथ्याशी दोन पॅडल बसवली,
माझे पाय पट्ट्यांनी आवळले.
म्हणाली, काकू, सायकल.
पहिल्या दोन तासांतच, नंतर बीपी उतरतं.
आणि डावा हात हलवायचा नाही.

म्हटलं, बाई, अख्खं पुणं सायकलवर होतं तेव्हा
मी भवानी पेठेत शाळेच्या चड्ड्या शिवत होते.
भावाला सायकल, मला शिलाई.
येत नाही मला.
ती म्हणाली, पडणार कुठे? झोपलाच आहात.

पाय गोल फिरेनात.
टाच, चवडा, टाच, चवडा,
दोन्ही एकदमच दाबायचे
आणि पॅडल अडायचं.
शेजारच्या बेडवर कोंढरेकाका, पीएमटीचे ड्रायव्हर,
डोळे न उघडता म्हणाले, क्लच सोडा.

गुरुवारी चार मिनिटं. सोमवारी सहा.
सातव्याला पोटरीत गोळा आला.
घसा सुकला. दिवसाचं पाणी माझं मोजून तीन पेले,
त्यातला अर्धा तिथंच गेला.
चिडले. बर्फाचा खडा जिभेवर ठेवला,
तोही हिशेबात,
आणि आणखी दोन मिनिटं मारली.

घरी चौथा मजला, लिफ्ट बंद.
प्रत्येक मजल्यावर पायरीवर बसायचे.
कुणी विचारलं तर म्हणायचे, चावी शोधतेय.
परवा एकदाच शोधली.

मग जुन्या मशीनवरचं फडकं काढलं.
ब्लाउजची डावी बाही उसवली,
खांद्यापासून कोपरापर्यंत टिचबटणं लावली.
सिस्टरनं सुई टोचताना टकटक उघडून पाहिली, हसली.
कोंढरेकाका बराच वेळ बघत होते.
म्हणाले, सदऱ्याला जमेल?

आता रोज विचारतात, आज किती किलोमीटर?
वीस मिनिटं झालेली असतात. पाय आता गोल फिरतात,
मध्येच टाच-चवडा होतं, होऊ दे.
मी सांगते, बाही झाली, कॉलर राहिलीय.
ते म्हणतात, घाई नाही.
सोमवारी आहोतच.