दुसरा कॅमेरा

मार्डीच्या पुढं दोन किलोमीटर, पत्र्याचा गोठा.
लग्न तिथंच.
नवरीनं पुण्याहून फोनवर सांगितलं होतं,
हॉल नको, झुंबर नको, मामाच्या गोठ्यात लावा.
मामानं चार दिवस आधी बैल लिंबाखाली हलवले,
जमीन सारवली, गव्हाणीत झेंडू भरला,
कडब्याच्या पेंढ्या रचून वर चादरी अंथरल्या.
तरी निम्मे पाव्हणे उभेच.
कडब्यावर बसवतात का कुणी माणसाला, म्हणत.

माझा नेहमीचा जोडीदार काविळीनं आडवा.
एप्रिलातली दाट तारीख.
अख्ख्या सोलापुरात कॅमेरा धरणारा
एकही हात मोकळा नव्हता,
एक सोडून.

साडेआठला आला. व्यंकटेश येमुल.
चार वर्षांनी.
स्कूटर बैलांच्या शेजारी लावली.
'काय बे' म्हणाला नाही.
'कुठं उभारू?' एवढंच.
'तू नवरीच्या मागं. मी नवरदेवाच्या.'

साखर पेठेतल्या पाटीवर आमची दोघांची नावं होती.
मोडलं एका लेन्सवरून.
त्याची, कर्ज काढून घेतलेली.
मी नेली, पावसाळाभर पिशवीतच ठेवली,
आणि काचेच्या आत बुरशीनं पांढरी जाळी विणली.
आतलं पुसता येत नाही.
परत देताना मी काही बोललो नाही,
त्यानं उन्हात धरून पाहिली.
सांगायचं तरी, म्हणाला.
मी म्हणालो, हिशेब कर.
त्यानं केला.
रुपया न रुपया.

पत्र्याला जुन्या खिळ्यांची भोकं.
त्यांतून ऊन थेंबाथेंबानं गळत होतं,
नवरीच्या कपाळावर एक, भटजींच्या पोथीवर दोन,
आणि धूळ त्या उन्हात वर चढत होती, सावकाश.
गर्दीपलीकडून व्यंकटेशनं दोन बोटं खाली केली.
मी उजेड दोन पायऱ्या उतरवला.
विचार न करता.
बोटांना भांडण माहीत नसावं.

अंतरपाट म्हणजे मामाचं धुतलेलं धोतर,
हळदीचं स्वस्तिक, एक पाय जरा वाकडा.
तिसऱ्या मंगलाष्टकात लिंबाखालून बैल हंबरला,
भटजी थांबले, मामा ओशाळला,
कुणीतरी म्हणालं, घरचाच आहे, म्हणू द्या त्यालाही.

मग धोतर खाली आलं.
ज्वारी उडाली. कुंकवात रंगवलेली,
ह्या भागात तांदूळ कोण उधळतो.
माझ्या चौकटीत नवरी, पापण्या वर होत असलेल्या,
आणि तिच्या खांद्यामागं
एक डोळा मिटलेला व्यंकटेश.
केस पिकलेत कानांपाशी.
त्याच्या चौकटीत मी असणार.
शटर दाबताना जीभ दातांत धरतो मी,
हे जगात फक्त त्यालाच माहीत आहे.
दोन क्षण कुणीच हललं नाही.
मग नवरदेवाच्या चुलत्यानं मध्ये फोन घातला
आणि आम्ही दोघंही एकदम ओरडलो, 'ओ काका, बाजूला!'

जेवताना तो दूरच्या पंगतीत.
चटणी जास्त घेतो अजून.
संध्याकाळी मामानं बैल आत आणले.
मंडप उतरायच्या आधीच.
बैलांनी गव्हाण हुंगली
आणि सगळा झेंडू खाऊन टाकला.
तो फोटो कुणाचाच नाही.
आम्ही दोघं कार्डं मोजत होतो.

रात्री दोनला माझा स्क्रीन उजळला.
'अंतरपाटाच्या फोटोत तू आलायस. कापू का?'
मी लिहिलं, 'काप की.'
टायपिंग दिसायचं, थांबायचं, दिसायचं.
मी पाणी पिऊन आलो.
हूडमधून ज्वारीचे दोन दाणे टेबलावर घरंगळले.

मग आलं:
'नवरदेव जरा धूसर आहे बे.
फोकस तुझ्यावर बसलाय.
लगेच सांगितलेलं बरं.'