घरचे केस

आधी पंखा बंद केला.
केसांचं काम आहे, म्हटलं, उडेल सगळं.
लिस्बनहून आलेल्या बाईंनी मान पुसली
आणि रुमाल सोडून काचेवर ठेवला ब्रोच:
लंबगोल, चिंचोक्यापेक्षा थोडा मोठा,
कडेला काळा मिना, मधली काच तडकलेली,
काचेखाली केसांची विणलेली चटई.
मागे कोरलंय: लियोकादिया, १८७१.
आजीची थोरली बहीण, बाई म्हणाल्या.
लोटलीच्या घरात देवी आल्या, तेव्हा गेली.
अकरा महिन्यांची.

मडगावात हे काम आता कोणी करत नाही.
मीही करत नाही. मी कानातली विकतो,
हप्त्यावर मंगळसूत्रं.
पण पिनेच्या मुळाशी, तांदळाच्या कणीएवढा,
एक मासा उमटवलेला होता,
आणि तो मासा आमच्या दुकानाचा.

काच चिमट्यानं उचलली.
भिंगाखाली केस दोन तऱ्हेचे.
थोडे पिंगट, इतके मऊ की
नजरेनं मोडतील असं वाटावं.
बाकीचे काळे, जाड, वर्षानुवर्षं तेल प्यालेले,
एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत
न तुटता गेलेले.
अकरा महिन्यांच्या पोरीला
वीतभर लांब केस कुठून येणार?

मला ठाऊक होतं. वही आहे आमच्याकडे.
खापरपणजोबांची मोडी, शाई काथासारखी झालेली:
दोना एर्मेलिंदा, लोटली. सोने साडेतीन मासे.
मुलीचे केस चिमूटभर. विणीस पुरत नाहीत.
आणि त्याखाली, दुसऱ्या दिवशीच्या बोरूनं:
केस घरचे. किंमत धरली नाही.

घरचे म्हणजे द्वारकीचे.
त्यांची पाठची बहीण, वय एकोणीस.
त्याच चैत्रात न्हावी मागल्या दारानं येऊन गेला होता.
वेणी नदीत सोडायची, असा रिवाज.
साळ काही लांब नव्हती.
भाऊ वेणी घेऊन निघाला आणि मोकळ्या हातांनी परतला,
एवढंच आमच्यात सांगतात.
खिशाचं कोणी सांगत नाही.

चोरी म्हणू, की लोभ म्हणू?
की जे पाण्यात सोडवेना
ते सोन्यात बसवलं त्यांनी?
वही याबद्दल गप्प आहे, मीही फार खोदत नाही.
तिच्या पाटल्या, तिची कुडी, गळ्यातले मणी
त्यांनीच वितळवले असणार. घरात मूस एकच होती.
केस वितळत नाहीत.

पुढे एकतीस वर्षं दोना एर्मेलिंदा
काळ्या झग्यावर, गळ्यापाशी तो ब्रोच लावून
मिसाला जात राहिल्या,
रात्री काचेला ओठ टेकत राहिल्या.
आणि इकडे माजघरात द्वारकी
तांबडं आलवण कपाळापर्यंत ओढून
तांदूळ निवडत बसलेली. जिवंत.
तिच्यासाठी कोणी रडलं असेल तर एवढंच:
लोटलीत, पोर्तुगीजमधून, चुकून.

'सगळं मूळचं आहे ना?' बाईंनी विचारलं.
'लिलाववाले फार चिकित्सा करतात.'
एक काळा केस विणीतून सुटून वर आला होता,
माझ्या श्वासासरशी हलत होता.
कापता आला असता, कात्री हाताशी होती.
मी श्वास धरला
आणि सुईच्या टोकानं तो
पिंगट केसांखालून परत आत घातला.
नवी काच बसवली. कड दाबली.

होय, म्हटलं. घरचंच आहे.
त्यांना वाटलं, लोटलीचं.
बिल केलं: काच, पिन, मजुरी.
मग पंखा लावला.