शून्य पूर्णांक शून्य शून्य

रोज सकाळी सातला एलोइसा आर्चुलेता
अंगणातल्या खांबावरची नळी डोळ्यांच्या रेषेत धरते
आणि फोनवर आकडा सांगते.
उत्तर न्यू मेक्सिको, गाव रिटो सेको, एकोणीस उन्हाळे.
नवरा गेला त्या सकाळीही तिनं सांगितलं, बारा शतांश,
आणि आवाज न बदलता, सेलेदोन गेला रात्री.
मी तेव्हा नवा होतो. दोन्ही लिहून घेतलं.
रकाना एकाच गोष्टीला होता.

आमच्या केंद्राला खिडकी नाही.
पडदा आहे. हिरवा, पिवळा, लाल,
आणि रिटो सेकोच्या मागं एक काळी पाचर,
जिथं डोंगर रडारच्या वाटेत उभा राहतो.
तिथलं आम्ही अंदाजानं भरतो,
उसवलेली शिवण आठवणीनं घालावी तसं.

जुलै लागला की दुपारची तीच गत.
दोनला कड्यावर फ्लॉवरच्या गड्ड्यासारखे ढग,
चारला गडगडाट, सहाला काहीतरी, कुठंतरी.
मी लिहितो, चाळीस टक्के.
दुकानात लोक अडवतात, म्हणजे काय रे वॉरेन,
दहातल्या चौघांवर? की दिवसातले दहा तास?
खरं उत्तर लांब आहे आणि मागं रांग असते.
मी म्हणतो, छत्री गाडीत असू दे.

त्यात दोन वर्षांमागं वरचं रान जळालं.
राखेखालच्या मातीवर मेण चढलंय,
थेंब पीत नाही, पुढच्यावर ढकलते.
पूर्वी इंचभर लागायचा.
आता पाव इंच पुरे, वीस मिनिटांत.

बारा जुलैला मी गावातले सगळे फोन कोकलायला लावले.
काही आलं नाही.
बाका घराण्यातलं लग्न अर्ध्यात उठलं,
तीन मजली केक शाळेच्या व्यायामशाळेत नेला,
नवरीच्या बुटांना चिखलसुद्धा लागला नाही.
दुसऱ्या दिवशी सातला, शून्य पूर्णांक शून्य शून्य.
जरा थांबून, केक बरा होता. गोड जास्त.

तेव्हापासून बटणावर बोट रेंगाळतं.

नऊ ऑगस्ट, संध्याकाळी सहा अडतीस.
तिची वेळ नव्हती.
म्हणाली, इथं ऊन आहे. कपडे दोरीवर आहेत.
पण ओढा वाजतोय.
पाणी नाही रे त्यात. कोरडा ठाक आहे, आणि वाजतोय.

मी पडद्याकडं पाहिलं. पाचर काळीच.
तिच्या कडेला एक पिवळा ठिपका,
भिंतीला पेन टेकलं असावं एवढा.

इशाऱ्याला आधार लिहावा लागतो,
रडार, मापक की प्रत्यक्षदर्शी.
'वाजतोय' असा पर्याय नाही.
मी लिहिलं प्रत्यक्षदर्शी,
जरी तिनं काही पाहिलं नव्हतं.
सहा एक्केचाळीस.

सहा बावन्नला ते आलं.
पाणी कसलं, काळी लापशी,
जळकी खोडं त्यात उभी चालत होती,
कुणाची तरी गॅसची टाकी सुसाटत होती.
बाकांच्या अंगणात जिथं टेबलं मांडली होती
तिथून सरळ गेलं, वाट विचारली नाही.
लोक वर दफनभूमीत, उतरत्या उन्हात,
एकाची दाढी अर्धी,
एकीच्या काखेत कोंबडी,
आणि डोक्यावर निळं, इस्त्री केलेलं आभाळ.
पूल गेला. एक गाढव गेलं.
माणूस?
मी दोनदा विचारलं. एकही नाही.

सकाळी सातला फोन.
ती चिखलातून खांबापर्यंत कशी पोचली, विचारलं नाही.
शून्य पूर्णांक शून्य शून्य, म्हणाली.
एलोइसा, शेरा काही?
शेरा लिही, कपडे वाळले.

मी आकडा लिहिला.
पुढं कधी कुणी हा महिना उघडेल,
या ओळीवर बोट ठेवून म्हणेल, कोरडा दिवस.
त्याचं काही चुकणार नाही.

बाहेर गाडीच्या काचेवर धूळ बसली होती.
पुसली नाही.
आजचे टक्के अजून ठरायचे होते.