विनाखर्च

पत्र आलं: विनाखर्च मुदतवाढ, सहा महिने.
म्हणजे काम चालू, पगार बंद.
आचऱ्याच्या खाडीत, गुडघाभर चिखलात,
चौकट क्रमांक नऊ: तिसऱ्या एकेचाळीस,
सगळ्यात मोठी सव्वीस मिलिमीटर.

होडीचं भाडं कुठल्या शीर्षाखाली?
लेखा विभाग म्हणतो, आधी उपयोगिता प्रमाणपत्र.
त्यावर सही सरांची,
आणि सर दिल्लीत, नूतनीकरणाच्या सादरीकरणाला,
माझेच आलेख घेऊन.

रुजाय होडीतून विचारतो,
“तिसऱ्यांका सांगलंस मां गे,
एकतीस मार्चाक वाढूचा थांबवा म्हणान?”

मी कॅलिपर पुसते.
चार महिन्यांच्या कोऱ्या पावत्यांवर
तो एकेक सही करतो, तारखा सोडून.
हात ओले, खारट.
शाई पसरते
नेमकी रकमेच्या जागी.