वजनं

परी नको, चेटकीण नको,
सांगाडे तर वर्गात आधीच नऊ आहेत.
शाल्मलीला व्हायचंय पूल.
डुलुथचा, तो आख्खा वर जाणारा,
ज्याच्यापुढे दर शनिवारी गाडी बंद करून
आम्ही जहाज जायची वाट बघतो
आणि मी उशीर झाला म्हणून चिडते.

बरं, पूल तर पूल.
मला शाळेत चार वर्षं भाजीवाली केलं होतं,
तीच पाटी, तीच कापडाची तीन वांगी.
मी कोण नाही म्हणणारी?

शेजारच्या नव्या फ्रीजचं खोकं मागून आणलं.
गॅरेजच्या थंडीत टेप चिकटेना
म्हणून मैद्याची खळ शिजवली, चमचा उभा राहील इतकी घट्ट.
मापं घेतली जाड जॅकेटवरून,
कारण इथे दिवाळीच्या आसपास बर्फ येतो
आणि दर वर्षी गल्लीतल्या राजकन्या कोटाखाली गुदमरतात.
निहार झाला जहाज, वय वर्षं तीन:
कपड्यांची बास्केट, तळ कापलेला, खांद्यांवर दोन पट्टे.
एरवी दोघांचं विळ्या-भोपळ्याचं सख्य,
आता एकाशिवाय दुसऱ्याला अर्थ नाही.

खरा भोपळा श्रीरंगने कोरला.
वर एक दात, खाली चार,
भुतापेक्षा दाढ दुखणारा माणूस वाटत होता.
गर मी टाकू दिला नाही.
भुतांच्या रात्री आमच्या घरातून
घारग्यांचा वास रस्त्याच्या टोकापर्यंत गेला.

ठरलं असं होतं की
दार उघडलं की जहाज भोंगा देणार,
पूल दोरी ओढणार,
मधला भाग वर, जहाज खालून पार.
पहिल्या घरी टाळ्या.
दुसऱ्या घरी पूल अर्ध्यात अडकला,
जहाजाचं डोकं आपटलं, जहाज रडलं,
चॉकलेट दिसल्यावर थांबलं.
सहाव्या घरी शाल्मली म्हणाली,
हात दुखतात, पूल आजपासून बंद.

लिंडक्विस्टांच्या ओसरीवरचा दिवा मालवलेला.
दिवा मालवलेला असला की बेल वाजवायची नाही,
हे शाल्मलीला ठाऊक आहे. जहाजाला नाही.
त्याने अंधाराला मोठ्ठा भोंगा दिला.

दार उघडलं. स्लिपर, आखूड झालेला स्वेटर,
एका हातात चष्मा.
किती गोड, असं म्हणाले नाहीत.
वाकून पूल तपासला,
खळीचे पोपडे नखाने टोकरले आणि विचारलं,
"वजनं कुठायत?"
आम्ही गप्प.
"एकतीस वर्षं चालवला मी तो पूल.
पूल कुणी ओढून वर नेत नाही.
पलीकडे तेवढंच वजन खाली येतं, म्हणून तो जातो."

आत गेले. बराच वेळ कपाटांचे आवाज.
आले ते टोमॅटो सूपचे दोन डबे
आणि मासे पकडायची दोरी घेऊन.
पायरीवर बसले, गुडघे वाजले,
चष्मा लावून गाठी मारल्या,
मी टॉर्च धरला, निहारने टॉर्चसमोर जीभ काढली.

"आता ओढ. एका बोटाने."

पूल गेला.
डबे खाली, पूल वर, कुरकुर नाही.
जहाज वाकायचं विसरून ताठ मानेने पार झालं
आणि म्हाताऱ्याने कपाळाला दोन बोटं लावली.
चॉकलेट त्यांच्याकडे नव्हतं.
"डबे ठेवा," म्हणाले, आणि आत गेले.
दिवा तेवढा चालू करून.

दुसऱ्या दिवशी घारगे दिले.
हा डोनट बिघडलाय की असाच असतो, विचारलं,
आणि दोन उचलले.

शनिवारी पुन्हा तीच लांब रांग,
पुन्हा मला उशीर.
मागच्या सीटवरून शाल्मली: "आई, पूल नको बघूस. वजनं बघ."
बघितली.
खोलीएवढे दोन काँक्रीटचे ठोकळे
सावकाश, कुणाचं लक्ष नसताना, खाली येत होते.
पाच वर्षं मी इथे गाडी थांबवते.

निहारने काच धुरकट करत भोंगा दिला.
जहाजानेही दिला.
आम्हाला नसेल दिला.
सूपचे डबे अजून उघडलेले नाहीत.